एकही गोळी न झाडता घेतलेला पूल

माझे सासरे युद्धात छापामार तुकडीचे प्रमुख होते. नंतर चाळीस वर्षं त्यांनी कुलपांचं दुकान चालवलं, पण चौकातल्या रस्त्याला त्यांचं नाव मिळालं ते एका पुलामुळे. शत्रूच्या ताब्यातला तो पूल त्यांच्या बारा माणसांनी एकही गोळी न झाडता घेतला.

या नावावर आम्ही सगळे पोसलो. नवऱ्याला नोकरी लागली. ‘साहेबांची सून’ म्हणून मला दवाखान्यात रांग लावावी लागत नाही. आता माझ्या मुलीला त्यांच्याच तुकडीत जायचंय. त्यासाठी जुन्या अधिकाऱ्याची शिफारस लागते. काल दुपारी ती कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेली, तशी मीही मागोमाग गेले. त्यांनी नाही म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

“आजोबा, गोळी न झाडता जमलं कसं?”

“कुत्र्यांचं बघावं लागतं आधी,” नखं कापता कापता ते म्हणाले. “पुलाच्या तोंडाशी वस्ती. पाऊल वाजलं की कुत्री बोंब मारणार. आमची पद्धत ठरलेली. एकाने तीन दिवस जायचं, मटण घालायचं, ओळख वाढवायची. चौथ्या दिवशी मटणात विष.”

“शी! बिचारी कुत्री!”

“कुत्री कसली! ती दोनच मेली. वस्तीत महिनाभर अन्न नव्हतं. पोरांनी कुत्र्यांच्या तोंडचं ओढून खाल्लं. आम्हाला कुठलं सुचायला? आमची पोटं भरलेली. पण रडारड अशी झाली, की पहारेकरीसुद्धा तिकडे धावले. पूल मोकळा!”

“किती मुलं, बाबा?” मी विचारलं.

“सूनबाई, मोजायला नव्हतो गेलो. अहवालात कुत्रीच लिहिली.” आणि ते चक्क हसले.

लहानपणी माझी लेक त्यांच्याच हातून जेवायची, आणि मला त्याचं कोण कौतुक!

“सही करू नका, बाबा.”

“आई, तू थांब गं जरा.” ती विचारात पडली होती. मला वाटलं, सुटले. “आजोबा, अन्न नाही हे आधी कळलं असतं, तर ते तीन दिवस वाया गेले नसते ना? पहिल्याच दिवशी विष घालता आलं असतं.”

त्यांनी नखं कापायचं थांबवलं.

“हिला घेतील,” ते म्हणाले. “डोळे झाकून घेतील.”

सही झाली. तिच्या पाठीवर ठेवलेला त्यांचा हात मी बाजूला केला, तर तिने माझाच झटकला, आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घालत बसली.