फोटोवरचं कुंकू आणि बॉयलरचा मुहूर्त

बॉयलरच्या भट्टीपुढे रांगोळी काढून झाली होती. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. आमचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, नवा फेटा बांधून पेटता पलिता हातात धरून तयार होते. आणि भट्टीच्या दाराला पाठ लावून मी उभी होते. मी कारखान्याची एचआर मॅनेजर. फोटोग्राफरने मला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं.

"मॅडम, मुहूर्त चालला," अण्णा म्हणाले.

"अटेंडंटचं ओरिजिनल सर्टिफिकेट बघितल्याशिवाय नाही, अण्णा."

कोपरगाव तालुक्यातला आमचा गूळ पावडरचा छोटा कारखाना. बॉयलर एकच. बॉयलर म्हणजे दोन मजली प्रेशर कुकर. तो सांभाळणारा माणूस सरकारी परीक्षा पास असावा लागतो, आणि त्याची खात्री नोकरी देणाऱ्याने आधी करायची असते. नंतर काही झालं तर 'त्यांनी सांगितलं, आम्ही मानलं' हे उत्तर साहेबलोक लिहून घेत नाहीत.

नवे अटेंडंट भाऊसाहेब, राहुरीकडचे. केस बॉयलरपुढेच पिकलेले. आदल्या दिवशी त्यांनी सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली. तिच्यात फोटोच्या जागी काळा गोळा होता. नंबराच्या जागी दुसरा.

"हे तुम्हीच कशावरून?"

"मीच हाय की, मॅडम."

"फोटोत तर नाही आहात."

भाऊसाहेब खाली बघायला लागले. "फोटूवर कुकू हाय. खंडेनवमीचं."

खंडेनवमीला आपल्याकडे शेतकरी विळा-कुदळ पुजतो, ड्रायव्हर टेम्पो पुजतो. भाऊसाहेबांच्या घरी सर्टिफिकेट पुजतात. ते फ्रेम करून देवांशेजारी टांगलंय. दर वर्षी नवं कुंकू लागतं आणि जुनं तसंच राहतं. झेरॉक्स होती ती मोबाईलवर काढलेल्या फ्रेमच्या फोटोची.

"ओरिजिनल आणा."

"बायकोला सांगतो, उद्या घेऊन यील. पर नोकरीचं बघा, मॅडम. जुन्या कारखान्यात माझ्या जागी दुसरा लागला. हितं न्हाई झालं तर आख्खा सीझन घरी बसायचं."

म्हणून मी भट्टीपुढे उभी होते आणि सगळे गेटकडे बघत होते.

भाऊसाहेबांच्या बायको, चंद्रकलावहिनी, आल्या. एसटीतून फ्रेम मांडीवर धरून आणली होती, टॉवेलात गुंडाळून. काचेवर कुंकवाचा चांगला जाड थर होता. अण्णा खूश झाले.

"आली की फ्रेम. पुसा काच, बघा आणि व्हा बाजूला."

कोणी हललं नाही.

"नवऱ्याच्या फोटूवरचं कुकू पुसू?" वहिनी म्हणाल्या. "सनासुदीचं?"

गुरुजींनी चिमणीचं निरीक्षण सुरू केलं. अण्णांनी आवाज खाली आणला. "मॅडम, मग तुम्हीच पुसा."

"मी नियम सांगते, अण्णा. कुंकू पुसत नाही."

"मी पुसतो," भाऊसाहेब म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. भाऊसाहेबांनी रुमाल परत खिशात घातला.

गुरुजींनी घड्याळ बघणं सोडून दिलं. मुहूर्त गेला होता.

मी वहिनींना विचारलं, "फ्रेमची मागची बाजू कधी पुजलीत?"

"मागून कशाला पुजंल कुनी?"

मी इलेक्ट्रिशियनकडून पकड मागवली. फ्रेम टेबलावर पालथी घातली, मागचे खिळे उपटले, पुठ्ठा काढला. सर्टिफिकेट अलगद बाहेर आलं. कुंकू काचेवर जागच्या जागी राहिलं. फोटोतल्या भाऊसाहेबांना भरपूर केस होते, पण नाक तेच होतं आणि भुवईवरचा व्रणही.

"लग्नात आसंच दिसायचे," वहिनी म्हणाल्या. "नंतर बॉयलरनं खाल्लं सगळं."

मी सरकारी बॉयलर ऑफिसला फोन लावून नंबर ताडून घेतला. नाव जुळलं, नंबर जुळला. मी भट्टीच्या दारातून बाजूला झाले. गुरुजींनी पंचांग उघडलं आणि लगेचच दुसरा, म्हणे पहिल्यापेक्षाही चांगला, मुहूर्त काढला. अण्णांनी भट्टी पेटवली. भाऊसाहेब प्रेशरच्या काट्यापुढे जाऊन बसले ते सीझन संपेपर्यंत.

सर्टिफिकेट आता बॉयलर हाउसमध्ये ठेवायचं होतं, इन्स्पेक्टर कधीही मागतो. वहिनी रिकामी फ्रेम घेऊन उभ्या राहिल्या. मी कलर झेरॉक्स काढून काचेमागे बसवून दिली, खिळेसुद्धा परत ठोकले.

वहिनींनी फ्रेम लांब धरून पाहिली. "हिला पुजलं तर चालंल का, मॅडम?"

"पूजेला झेरॉक्स चालते, वहिनी," मी म्हटलं. "बॉयलरला चालत नाही."