टायर गोल होईपर्यंत

थंडीतली सकाळ होती. चहा ठेवला होता आणि अहेरीहून गफूरभाऊंच्या मुलाचा, सलीमचा, फोन आला. "बाई, अब्बा गेले," एवढंच म्हणाला. पुढे त्यालाही बोलवेना आणि मलाही... त्या घरात गप्प बसणं कुणालाच जमत नाही, म्हणून त्याच्या गप्प होण्याचीच मला जास्त भीती वाटली. चहा उतू गेलेला मी नंतर पाहिला.

नव्वदीच्या त्या वर्षांत मी एटापल्लीच्या पुढच्या एका उपकेंद्रात नर्स होते. एसटी आली तर आली, नाहीतर बांबूचे ट्रक. त्यातला एक गफूरभाऊंचा, लष्कराच्या लिलावातून घेतलेला, रंग उडालेला, आणि त्याला जाड गुटक्यांचे भलेमोठे नायलॉनचे टायर. जंगलात त्या टायरांना तोड नव्हती. चिखल असो, नाला असो, गाडी कुरकुर न करता चढायची. पण डांबरावर आली की हिचं डोकं फिरायचं. कधी डावीकडे ओढायची, कधी उजवीकडे, आणि रस्त्याला चर दिसला की त्यातच घुसायची. गफूरभाऊंचे हात स्टिअरिंगवर सारखे हलत असायचे, जसं काही परातीत पीठ मळताहेत. थंडीत तर विचारूच नका. रात्रभर उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होऊन बसायचे आणि सकाळी निघालं की धब-धब, धब-धब... कंबरेचा पार निकाल. तापले की हळूहळू गोल व्हायचे, मग कुठे गाडी माणसात यायची.

गफूरभाऊ म्हणजे महा बोलघेवडे. अत्तर लावून ट्रक चालवणारा हा एकच माणूस मी पाहिला. स्वतःची तारीफ करण्यात तर कधीच कसर ठेवली नाही. एकदा सकाळी, टायर अजून धबधबत असतानाच, सिरोंच्याच्या भाच्याच्या लग्नातली बिर्याणी सांगत होते. स्टिअरिंग सोडून एका हाताने मटणाच्या बोटीचा आकार दाखवला, तेवढ्यात चाक डांबराच्या कडेवरून घसरलं आणि गाडी सरळ धानाच्या बांधीत. लागलं कुणाला नाही, पण धान तुडवलं गेलं. त्या दिवसापासून त्यांनी कॅबिनमध्ये कायदा केला. टायर गोल होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. आधी तेच तोंड घट्ट मिटून बसायचे, गाल फुगवून! धबधब थांबली की दम सोडायचे आणि म्हणायचे, "हं, बोला आता." मग अहेरी येईपर्यंत दुसऱ्या कुणाला बोलायची सोय नसे.

मी त्यांना चिडवायची, की भाऊ, टायर बदला, म्हणजे तुमचंही तोंड मोकळं राहील आणि आमच्या कंबराही. त्यावर ते म्हणायचे की डांबर अर्ध्या वाटेत सरतं, जंगल सरत नाही.

जैनीची गोष्ट त्यानंतरची. पावसाळा सरत आला होता. सकाळीच तिचा नवरा लालसू मला बोलवायला आला. जाऊन पाहते तर पोटात मूल आडवं. अहेरीच्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन केल्याशिवाय दोघंही वाचणार नव्हती. नाल्यात चिखल, जीप येणं शक्य नाही. डेपोवर गफूरभाऊ बांबू भरत होते. त्यांनी काही विचारलं नाही. वरचा माल उतरवला, खालचा थर तसाच ठेवला, कारण रिकामी गाडी त्या कडक टायरांवर फार उडते. त्यावर धानाचं तणीस, तणसावर घोंगडी, घोंगडीवर जैनी. चाकं चिखलात रुतू नयेत म्हणून टायरांची हवा कमी केली आणि नाला पार केला.

डांबर लागलं आणि हा माणूस गाडी थांबवून खाली उतरला. ब्रेकच्या हवेच्या टाकीला नळी लावून एकेका टायरमध्ये हवा भरत बसला. मागे जैनी कण्हत होती, लालसू तिचा हात धरून रडत होता. मी खाली उडी मारली आणि तोंडाला येईल ते बोलले. आज तसंच घडलं तर आजही बोलेन, माझा स्वभावच तसा आहे. गफूरभाऊंनी नळी सोडली नाही.

"बाई, कमी हवेवर डांबरावर गाडी माह्या हातात नाई राहत," ते म्हणाले. "पोरीले घेऊन कायले खड्ड्यात जाऊ?"

पुढचा सगळा रस्ता ते एक शब्द बोलले नाहीत. टायर त्या दिवशी चपटे नव्हते, तरी नाही. एका वळणावर समोरून एसटी भरधाव आली. गफूरभाऊंनी डावीकडची चाकं हळूच कच्च्यात उतरवली, एसटी गेली, आणि तो आडदांड ट्रक मुकाट पुन्हा डांबरावर आला. हवा कमी असती तर आला नसता, हे मला तेव्हाच कळलं. दवाखान्याच्या फाटकात गाडी थांबली, जैनीला स्ट्रेचरवरून आत नेलं, तेव्हा त्यांनी कपाळ पुसलं आणि हलकेच म्हणाले, "हं, बोला आता." मी तिथेच फाटकाला धरून रडले. जैनी वाचली, मुलगी वाचली. पुढे कित्येक महिने ती गोष्ट गफूरभाऊ मलाच ऐकवत राहिले, दर वेळी एसटी थोडी आणखी मोठी करून. असा बढाईखोर आणि असा खरा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

परवा अहेरीला त्यांच्या घरी जाऊन आले. ते आजारी पडल्यापासून ट्रक अंगणात उभाच होता. अंगण मोकळं करायचं म्हणून सलीम तो पेट्रोल पंपाकडे न्यायला निघाला होता. "बाई, बसता काय?" त्याने विचारलं. मी चढले. सीटला अजून अत्तराचा वास होता.

गाडी निघाली ती धब-धब करतच. इतके दिवस उभे राहिलेले टायर, लवकर कुठले गोल होतात! सलीम बोलला नाही, मीही नाही. एसटी डेपोचं वळण गेलं, शाळा गेली. धबधब हळूहळू कमी झाली आणि मग थांबली. सलीमचे हात स्टिअरिंगवर होते, नजर समोर. मी वाट पाहत होते... तोही पाहत असावा.

पंप आला, तरी आम्ही दोघं गप्पच होतो. बोला म्हणणारं कुणी नव्हतं.