महादरवाजा ठेवला आणि किल्ला गेला

उलव्यातल्या सोसायट्यांमधल्या आईबाबांनो, दिवाळीत मुलांना मातीचा किल्ला करायला जागाच मिळत नाही, ही आपली सगळ्यांची तक्रार. मीही ती मोठ्या आवाजात करतो. आज तो आवाज बसला.

दुपारी वाशीच्या मॉलमध्ये अकरा वर्षांच्या माझ्या मुक्ताबरोबर एका जुन्या मशीनवर किल्ल्याचा गेम खेळत होतो. जहाजं तोफा डागून तट पाडतात आणि वेळ संपायच्या आत आपण तो सलग बांधायचा. एक फट राहिली तरी किल्ला गेला.

मुक्ताने तटात समोरच एक चौकोन मोकळा सोडला.

“अगं, ती फट बुजव!”

“फट नाही बाबा, महादरवाजा आहे. मावळे आत कसे येणार?”

गेम संपला. मी हसलो. “दरवाज्यापायी किल्ला घालवलास की गं!”

“पार्किंगपायी तर नाही ना घालवला?”

गेल्या दिवाळीत तिने मैत्रिणींबरोबर आमच्या आवारात किल्ला केला होता. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी तो काढायचा ठराव आला, तेव्हा मीही हात वर केला. शिवजयंतीला गडकोटांवर तासभर गर्जणारा मी! घरी येऊन म्हणालो, “कमिटीने ठरवलं.” ती सभेच्या दारात उभी राहून बघत होती, हे मला आज तिच्याकडून कळलं.

मी तिची माफी मागितली.

तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत एक ठराव मांडा: दिवाळीत एका गाडीची जागा किल्ल्याला. आमच्याकडे तो मी मांडतोय, आणि मुक्ताला शेजारी बसवून हात वर करणार आहे.