वीतभर नायट्रोजन

आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात एक फोटो अजून लावलेला आहे. थर्मोकोलच्या वाटीतून पांढरी वाफ निघते आहे, वाटीत एक काळी चकती आहे आणि चकतीच्या वर, कशालाही न टेकता, छोटा लोहचुंबक तरंगतो आहे. शेजारी मी उभा आहे, नव्या शर्टात. त्या वाटीतला नायट्रोजन कुणाचा होता हे फोटोखाली लिहिलेलं नाही. ते मी आता लिहितो आहे.

कॉलेज रावेर-फैजपूरच्या पट्ट्यात, केळीच्या बागांना लागून. माझा विषय मटेरियल सायन्स. सरकारकडे मी पहिला प्रस्ताव पाठवला तो केळीच्या धाग्याचा. घड कापले की खोडं बांधावर सडत पडत. त्यांचा धागा राळेत बसवून भक्कम पत्रे करता येतील असा माझा विचार होता, आणि तो चांगला होता. दिल्लीहून सभ्य उत्तर आलं: विषय उपयुक्त आहे, पण अग्रक्रमाच्या क्षेत्रात बसत नाही.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. जगभर अतिवाहकांची धूम होती. विशिष्ट थंडीत या पदार्थांमधून वीज कुठलाही अडथळा न होता वाहते, आणि त्यांच्यावर ठेवलेला चुंबक अधांतरी तरंगतो. पूर्वी त्यासाठी लागणारी थंडी फार महाग पडायची. आता असे काळे, मातीच्या भांड्यासारखे पदार्थ सापडले होते ज्यांना द्रवरूप नायट्रोजनची थंडी पुरत होती. सरकारनं त्यासाठी वेगळा कार्यक्रम काढला आणि लहान कॉलेजांनाही त्यात वाटा ठेवला. मी केळीचा धागा कपाटात टाकला, अतिवाहकांचा प्रस्ताव लिहिला, आणि तो मंजूर झाला.

याची मला लाज वाटत नाही. पैसा थोडा असेल तर तो कुठं आधी घालायचा हे कुणीतरी ठरवणारच. पुढं जे झालं त्याचं खापर दिल्लीवर फोडणं सोपं आहे. ते मी फोडणार नाही.

मंजुरीत भट्टी होती, मोजमापाची उपकरणं होती. नायट्रोजन मात्र ‘जवळच्या प्रयोगशाळेतून मिळवावा’ असं होतं. आमच्या जवळची प्रयोगशाळा इतकी लांब होती की तिथून निघालेला नायट्रोजन एस.टी.तच उडून गेला असता.

तो मला मिळाला गुरांच्या दवाखान्यात. तिथले डॉक्टर माझ्यापेक्षा तरुण, धुळ्याच्या एका बौद्ध कुटुंबातले, वडील गिरणीत कामगार. संकरित वळूंचं गोठवलेलं वीर्य बारीक नळ्यांत भरून त्यांच्याकडे येई, आणि त्या नळ्या द्रवरूप नायट्रोजनच्या मोठ्या भांड्यात बुडवून ठेवलेल्या असत. त्यावर, म्हणजे गावाच्या भाषेत ‘सुई’वर, तालुक्यातल्या गायी फळत.

“म्हणजे सर, तुमचं दिल्लीचं विज्ञान आमच्या वळूंच्या जिवावर चालणार!” डॉक्टर हसले. मग लाकडी पट्टी भांड्यात बुडवून त्यांनी बाहेर काढली. जिथवर नायट्रोजन होता तिथवर पट्टीवर पांढरा बर्फ धरला. “हे बघा. लागेल तेवढं न्या, पण वीतभर राहिलंच पाहिजे. नळ्या उघड्या पडल्या तर मेल्या. पुन्हा भरून उपयोग नाही, आणि दिसायला त्या तशाच दिसतात.”

वर्षभर मी असाच छोट्या थर्मासमधून थोडा थोडा नेत होतो. कधी तक्रार झाली नाही.

मग कामाची पाहणी करायला तज्ज्ञांची समिती येणार असं कळलं. अनुदानाचा दुसरा हप्ता तिच्या अहवालावर अवलंबून होता. नेमके त्या आठवड्यात डॉक्टर सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत लसीकरणाला गेले होते. जाताना म्हणाले, “अख्खं भांडंच घेऊन जा सर, थर्मासनं किती वाहणार? पट्टी तेवढी विसरू नका.”

प्रयोग उत्तम झाला. चुंबक उचलला गेला आणि समितीतले पांढऱ्या केसांचे गृहस्थ मुलांसारखे टाळ्या वाजवायला लागले. “पुन्हा एकदा दाखवा.” मी दाखवला. मग प्राचार्यांनी संस्थेच्या मंडळींना बोलावलं. मग फोटोवाला आला आणि म्हणाला, वाफ जास्त पाहिजे. मी ओतत राहिलो. कुणीही मला ओतायला भाग पाडलं नाही.

संध्याकाळी भांडं दवाखान्यात परत दिलं. ते हाताला हलकं लागत होतं. पट्टी तिथंच खुंटीला होती. मी ती बुडवली नाही. शिपायाला म्हणालो, “आहे पुरेसं.” पुढं नायट्रोजनची गाडी आली, शिपायानं नेहमीसारखं भांडं भरून घेतलं आणि डॉक्टर परतले तेव्हा ते काठोकाठ होतं.

तीन-चार आठवड्यांनी गायी उलटायला, म्हणजे पुन्हा माजावर यायला लागल्या. एकही फळली नाही. दूध डेअरीवर बोलणं सुरू झालं. “डाक्टरच्या सुईत दमच नाही,” एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, “राखीव जागेवरचा डाक्टर, दुसरं काय व्हईन?” सगळे हसले. मी तिथंच बाकावर होतो. मी हसलो नाही, पण हातातला चहा संपवला.

जिल्ह्याहून साहेब आले. नळ्या तपासल्या, सगळ्या मेलेल्या. डॉक्टर माझ्याकडे आले. उभ्या उभ्याच विचारलं, “सर, त्या दिवशी वीतभर राहिलं होतं ना?”

“हो,” मी म्हणालो.

“मग झाकणच सैल बसत असणार, आणि ते मी बघितलं नाही. निघायच्या घाईत होतो.” जाता जाता म्हणाले, “तुम्हाला नायट्रोजन दिला हे मी चौकशीत सांगत नाही. उगाच दिल्लीवाले तुमचा हप्ता अडवायचे.”

आमचा हप्ता आला. डॉक्टरांची बदली धुळे जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, डोंगरातल्या दवाखान्यात झाली. आम्ही चांगलं काम केलं, निबंध छापले, माझे दोन विद्यार्थी संशोधनात पुढं गेले. नव्वदच्या दशकात दिल्लीचे अग्रक्रम बदलले आणि भट्टी थंड पडली. कामाबद्दल मी आजही ताठ मानेनं बोलू शकतो. डॉक्टरांबद्दल बोलता येत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मी धुळ्याला गेलो. निवृत्त होऊन ते तिथं राहतात. चहा झाल्यावर मी सगळं सांगितलं, भांडं हलकं लागलं इथपासून. मग आतून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. दाराशी त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“अहो, नोकरीभर हे रात्री उठून दवाखान्यात जायचे,” त्या म्हणाल्या. “झाकण नीट बसलंय का बघायला. पावसातसुद्धा.”

डॉक्टरांनी त्यांना हातानं थांबवलं. “सर, तो चुंबक किती उचलला गेला होता?”

मी बोटांनी दाखवलं. “तांदळाच्या दाण्याएवढा.”

“एवढाच?”

“एवढाच.”

“मला वाटायचं, चांगला हातभर उडाला असेल.” ते हसले, पण ते हसू टिकलं नाही. “मला सांगितलंत, ठीक. पण नावं मी ठेवत नव्हतो. जे ठेवत होते त्यांना सांगा.”

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी डेअरीवर गेलो. बाकावर एक म्हातारे आबा एकटे बसले होते, त्या वेळी ज्यांच्या दोन गायी उलटल्या होत्या ते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“मंग इतकी वर्सं कायले थांबले, सर?”

मी म्हणालो, “भीती होती. नंतर सवय झाली.”

“मले एकट्याले सांगून काय फायदा? सांजच्याले या. बठ्ठे जण दूध घालाले येतात. तव्हा सांगा.”

संध्याकाळी मी गेलो. रांगेत बरेचसे त्या वेळच्या लोकांचे मुलगे होते. काहींना डॉक्टर आठवत नव्हते, पण ‘दम नसलेली सुई’ आठवत होती. वडिलांकडून ऐकलेली थट्टा ते अजून करत होते. मी दुधाच्या कॅनजवळ उभा राहिलो आणि मागच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

“डॉक्टरांचा हात चांगला होता. झाकणही घट्ट होतं. भांडं मी रिकामं केलं.”