नजरेच्या धाकातली चिंच

"पाहा. हात नका लावू."

वामनरावांचं हे बोलणं नोकरीपासूनचं. वजनमापं तपासायच्या खात्यात त्यांची हयात गेली. घाटंजीच्या बाजारात ते उतरले की किराणेवाले काट्यापासून मागं सरत, आणि साहेब काट्याकडं नुसते पाहत उभे राहत. पारडं खरं असो की खोटं, पाहणं असं की दुकानदाराला घाम फुटावा. निवृत्तीनंतर काटे गेले, दुकानदार गेले, नजर तेवढी शिल्लक राहिली. तिला काही काम हवं होतं. म्हणून यवतमाळात बोन्साय क्लब निघाला.

क्लब भरे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, त्यांच्याच गच्चीवर. एक कापसाचा दलाल येई, कॉलेजात शिकवणाऱ्या दोघी येत, एसटीची गाडी हाकून निवृत्त झालेले प्रेमसिंग येत, आणि मांडीवर कुंडी घेऊन बसनं येणारे आम्ही खेड्यातले दोघे-चौघे. गच्चीच्या मधोमध विटांच्या ओट्यावर ती चिंच असे. उंची हातभर, पण तिच्याकडं पाहिलं की शेताकडच्या पांदणीच्या तोंडाशी उभी असलेली जुनी चिंच आठवावी. बुंधा मनगटाएवढा, साल भेगाळलेली, फांद्या आडव्या पसरलेल्या. पानं इतकी बारीक की कोणी चिमटीनं हिरवी रांगोळी सोडली आहे असं वाटे. चांगलं झाड खोटं बोलत नाही. त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस बोलू शकतो, एवढंच.

वामनराव सांगत, दहा वर्षांत या झाडाला कात्री लागली नाही, तारही नाही. झाड धाकानं लहान राहतं. रोज सकाळी चहा घेऊन ते खुर्ची टाकून तिच्यासमोर बसत आणि डोळे रोखत. बाकीचं चिंच समजून घेई. हेच आम्हाला शिकवलं जाई, आणि आम्ही घरी जाऊन आपापल्या कुंड्यांना डोळे दाखवत असू. माझा वड दोन पावसाळ्यांत कुंडी फोडून बाहेर आला. प्रेमसिंगांची बोरी तर फारच पुढं गेली. एका रविवारी त्यांनी भर सभेत विचारलं, "साहेब, माही बोरी पत्र्याले टेकली. आता नजर खालून द्यावी का शिडीवरून?"

"नजरेत दम पाह्यजे, प्रेमसिंग," वामनराव म्हणाले. "तुमच्या नजरेचा जनम गेला रस्त्यावर. झाडाले समजते ते."

प्रेमसिंगांनी मान डोलावली. आम्हीही डोलावली. गुरू पक्का असला की शिष्याला विचार करायचा त्रास होत नाही.

वामनरावांच्या पत्नी इंदुताई चहा आणत, पोहे आणत. त्यांना क्लबात कोणी धरत नसे. धुणं वाळत घालायला त्या रोज गच्चीवर येतात, एवढाच त्यांचा झाडांशी संबंध, असं आम्ही समजत होतो. लांबून आलेल्यांना त्या जेवल्याशिवाय सोडत नसत. त्यांच्या वरणाला एक हलकी, कोवळी आंबट चव असे. वामनराव न बोलता वाटी दुसऱ्यांदा पुढं करत. त्या घरात कौतुक तेवढंच होई.

या वर्षी चिंचेचा फोटो नागपूरपर्यंत गेला. तिथल्या क्लबातल्या हंसाबाई श्रावणात आमच्या प्रदर्शनाला येणार होत्या. झाड फोटोसारखंच निघालं तर वामनरावांना नागपूरच्या मोठ्या शिबिरात शिकवायला बोलावायचं, असा त्यांचा निरोप होता. वामनरावांनी तो निरोप पानठेल्यापासून पोस्टापर्यंत पोचवला. शिबिरात घालायचं जाकीट शिवून घरी आलं. नागपूरला नुसतं पाहायला नव्हे, पाहून घ्यायला जायचं, अशा तयारीत ते होते.

त्याच सुमारास चंद्रपूरला दिलेल्या त्यांच्या लेकीचं, प्रेरणाचं बाळंतपण आलं. ज्येष्ठात इंदुताई तिकडं गेल्या. घरी डबा सुरू झाला.

आषाढ लागला आणि चिंच सुटली. वीत-वीत लांबीचे शेंडे निघाले, पानं रुंद झाली, जटा मोकळ्या सोडून कोणी अंगणात उभं राहावं तशी ती दिसू लागली. वामनरावांनी खुर्ची जवळ सरकवली. सकाळच्या धाकाला संध्याकाळचा जोडला. पाऊस असला तर छत्री धरून ते तिच्यासमोर बसत, आणि शेजारची मंडळी खिडक्यांतून दोघांनाही पाहत. कात्री उचलावी, तर दहा वर्षांचं भाषण कापलं जाणार होतं. आणि कुठं कापायचं ते त्यांना ठाऊकही नव्हतं.

आषाढातल्या सभेत ते खचल्यासारखे बोलले, की डब्यातल्या वरणाला चव नाही आणि झाडही ऐकत नाही. आम्ही दोन्हींबद्दल हळहळलो. वेगवेगळं हळहळलो.

प्रदर्शनाच्या दिवशी चिंच हॉलमध्ये मधल्या टेबलावर होती. पाटी होती, 'दहा वर्षे कात्रीविना'. शेंडे चारी बाजूंनी लोंबत होते. वामनरावांनी जाकीट घालून सांगितलं की ही नवी शैली आहे, हिला वादळातली चिंच म्हणतात. आम्ही टाळ्या वाजवल्या. सवय होती.

हंसाबाईंनी मोबाइलवरचा फोटो झाडाशेजारी धरला. बराच वेळ पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "फोटोतल्या झाडाचे कोवळे शेंडे कोणीतरी रोज खुडत होतं. त्याशिवाय पान इतकं बारीक राहत नाही. आता खुडणं का थांबवलंत?"

"या झाडाले कोणी हात लावत नाही," वामनराव म्हणाले.

तेवढ्यात इंदुताई आल्या. चंद्रपूरच्या बसनं उतरून, खांद्यावर पिशवी घेऊन त्या थेट हॉलवर आल्या होत्या. नवऱ्याच्या आधी त्यांना चिंच दिसली. पिशवी खाली ठेवली, पदराची ओटी धरली आणि बोटं आपोआप चालू लागली. शेंडा खुडला, ओटीत टाकला. दुसरा खुडला, ओटीत टाकला. आजूबाजूचे सगळे आपल्याकडं पाहताहेत हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"वयनी," प्रेमसिंग हळूच म्हणाले, "हात नका लावू."

इंदुताईंनी हात मागं घेतला. हंसाबाईंनी विचारलं, असं किती दिवसांपासून खुडता.

"धुणं वाळू घालाले गेली की तोडते थोडा पाला," इंदुताई नवऱ्याकडं पाहत म्हणाल्या. "चिंचेच्या कोळानं यायले खोकला होते. कोवळा पाला वरणात टाकला की होत नाही. झाड आणलं तवापासून टाकून राह्यली. यायनं कधी इचारलं नाही, मी सांगतलं नाही."

हंसाबाईंनी चष्मा पुसला. नागपूरला याल का, असंच करून दाखवाल का, असं त्यांनी विचारलं. इंदुताईंनाच विचारलं.

"पाला तोडाले नागपूरले कायले जा लागते?" इंदुताई म्हणाल्या.

वामनराव टेबलाचा काठ धरून उभे होते. काट्याला घाम फुटत नाही, माणसाला फुटतो, हे त्या दिवशी दिसलं. "म्हणजे दहा वर्षं मी..." एवढंच ते बोलले.

"जेवले, साहेब," प्रेमसिंग म्हणाले.

कोणी हसलं नाही. हसायचं ते घरी जाऊन, हे आम्हाला कळत होतं. वामनरावांनी पाटी उचलून जाकिटाच्या खिशात घातली. पाटी खिशापेक्षा मोठी होती, 'कात्रीविना' एवढं बाहेर राहिलं. मग त्यांनी कुंडी छातीशी धरली आणि ते दाराबाहेर पडले. लांब शेंडे त्यांच्या खांद्यावर पडून डुलत होते, लेकराला कडेवर घेऊन जत्रेतून परतावं तसे ते चालले होते.

फाटकापाशी ते थांबले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग एक शेंडा चिमटीत धरला, खुडला आणि तोंडात टाकला. चावत चावतच ऑटोकडं वळले.

खिडकीतून प्रेमसिंग पाहत होते, मी पाहत होतो. ओटी सावरून इंदुताईही पाहत होत्या, आणि त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "मीठ नाही त्यात."