दामूच्या तिरप्या अक्षरांचा खण

दामू गेल्याचा फोन त्याच्या लेकीने, सुनंदाने, शहापूरहून केला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "सुटलो." पोरीला वाटलं असेल, मास्तरांचं डोकं फिरलं. मग हळूच म्हणाली, "हो काका. वेळेत झालं सगळं." दीड महिना उलटला, तेव्हा काय वेळेत झालं ते आता सांगायला हरकत नाही.

मुरबाडला दामूचा छापखाना होता. पायाने चालवायचं एक ट्रेडल यंत्र, जे चालू झालं की पार माळशेज घाटातली वानरं कानावर हात ठेवायची, आणि लाकडी खणांत शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं. पण त्याचा जीव एकाच खणात. तो टाइप ठळक, तिरपा, आणि प्रत्येक रेघेच्या पायाशी बारीकशी टाच. दामू म्हणायचा, "जाड अक्षर हाक मारतं, तिरपं अक्षर धावतं, आन् टाच असली का धावताना पडत नाय." वधूवरांची नावं, जत्रेतल्या कुस्त्यांची हँडबिलं, नव्या गिरणीचं उद्घाटन, एवढ्यासाठीच तो खण उघडे, तेही एखाद्या ओळीपुरता. अख्खी पत्रिका तिरप्यात मागणाऱ्या एका वरबापाला त्याने सुनावलं होतं की लोणचं पानाच्या कडेला वाढतात, त्याचा भात शिजवत नाहीत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही ती अक्षरं ओळखू यायची. पोस्टमनच्या पिशवीतून पत्रिकेचा कोपरा डोकावला की म्हातारे पन्नास हातांवरून सांगत, लगीन हाय.

तीसेक वर्षांपूर्वी टोकावड्याच्या हिरूमावशीचा नवरा वारला आणि तिचा दीर तेराव्याची पत्रं छापायला आला. शोकपत्राला उभी, सरळ अक्षरं लागतात. पण सरळ खिळे झाडून सगळे माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिकेत बांधलेले, आणि त्या प्रश्नपत्रिकेची प्रुफं चार दिवस माझ्याच पिशवीत मुक्कामाला. मी तपासून दिल्याशिवाय छपाई नाही, छपाईशिवाय खिळे मोकळे नाहीत. दामू हैराण, दीर एसटीच्या घाईत, आणि मी चहाचा घोट घेत मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "तिरपा लाव रे दाम्या. दुःखात अक्षरं कोण बघतंय?"

बघितली. लोकांनी अक्षरंच तेवढी बघितली, मजकूर कुणी वाचलाच नाही. तेराव्याला माणसं फेटे बांधून, आहेर आणि नारळ घेऊन उतरली. माझ्या आठवणीत दोन ट्रक वऱ्हाड आणि बँड होता. दामू म्हणायचा, एक जीप आणि एकच सनईवाला. पण तो सनईवाला दारात येईपर्यंत वाजवत होता, यावर आमचं दोघांचं एकमत... दामू माफी मागायला गेला तर दिराने अंगणातूनच हाकलला. मावशी दिसलीसुद्धा नाही. माझं नाव त्याने कुणापुढे घेतलं नाही. परत येऊन तिरप्याच्या खणाला कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली. लग्नंसुद्धा सरळ अक्षरांत छापू लागला, मग लग्नं यायचीच थांबली. टोकावड्याची वाट त्याने पुन्हा धरली नाही. आणि तालुकाभर थापा मारत हिंडणारा मी, एवढं एक खरं तेवढं बोललो नाही.

यंदा दामूने अंथरूण धरलं, लेकीने शहापूरला नेलं. भेटायला गेलो तर म्हणाला, "ती मावशी हाय का रे? तिच्या तोंडावर सांगायचं ऱ्हायलं..." दुसऱ्या सकाळी मी टोकावड्याची एसटी धरली. हिरूमावशी अंगणात नाचणी पाखडत होती. डोकं माझं, बदनामी दामूची, असं सगळं ओकलो. तिने सूप खाली ठेवलं आणि अशी हसली की कोंबड्या शेजारच्या परसात गेल्या. मग डोळे पुसून उठली. चल म्हणाली, आजच.

दामूच्या उशाशी बसून तिने आधी त्यालाच झापलं. "दिरासंगती निरोप धाडला व्हता तुला. पोचला नाय?" दामूने मान हलवली. "अरे, आमच्याशी रुसलेली चार घरं. माजा मानूस मेला तरी पायरी चढली नसती. लगीन समजून आली, अंगनात रडली, जेवून गेली. तुज्या अक्षरांनी आनली रे दादा. माज्या तेराव्याच्या पत्रालाबी तीच लाव."

दामू माझ्याकडे बोट करून म्हणाला, "यानं सांगितलं व्हतं तिरपा लावायला." तीस वर्षांनी केलेली ती एकुलती एक चहाडी.

"त्याचं सांगून झालंय," मावशी म्हणाली.

त्याने करगोट्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. आठव्या दिवशी गेला.

ट्रेडल केव्हाच भंगारात गेलेलं. त्याच्या उत्तरकार्याचा मजकूर सुनंदाने कॉम्प्युटरवर सरळ अक्षरांत काढला, आणि नावापुरती जागा कोरी सोडली. तिथे मी आणि सुनंदाने खिळ्यांना शाई लावून एकेका पत्रावर दामूचं नाव हाताने उमटवलं, तिरपं. मावशी आली ती नवं लुगडं नेसून, नारळ घेऊन.

खण आता माझ्या ओटीवर असतो, कुलपाविना. त्याच्या एका कोपऱ्यात हिरूमावशीचं नाव जुळवून दोऱ्याने बांधून ठेवलंय, तिचाच हुकूम. बाजाराला आली की ती खण ओढून बघते, टाचांवरून बोट फिरवते आणि दर वेळी बजावते, "सोडू नको हां मास्तर. पन घाई बी नाय."