मागितल्याशिवाय पाना नाही

"बाई, हे तिसरं कशाला? हे आनि ते, एवढ्यावर आमचं भागतं," काशिनाथ म्हणाला.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. नगरच्या एका कारखान्यात स्पेनचं मशीन येणार होतं आणि ते शिकायला एका फिटरला तिकडे पाठवायचं होतं. मी भाषा शिकवणारी. काशिनाथ कामात पक्का, पण मशीनवाल्यांचा इंजिनिअर त्याची तोंडी परीक्षा घेणार होता. नापास झाला, तर जागा हेड ऑफिसच्या माणसाला. काशिनाथचे आईवडील दरवर्षी पाथर्डीहून ऊसतोडीला जायचे. फोरमन झालो की त्यांच्या हातातला कोयता सुटेल, असं त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याला पास करायचंच, हे मीही तेव्हाच ठरवलं.

दर्शक सर्वनाम म्हणजे नाव न घेता वस्तू दाखवणारा शब्द. आपल्याकडे हा आणि तो. स्पॅनिशमध्ये तीन. माझ्याजवळची 'एस्ता', तुझ्याजवळची 'एसा', दोघांपासून लांबची 'आकेल्या'. पाना तिकडे स्त्रीलिंगी, म्हणून ही रूपं. फळ्यावर काशिनाथला सगळं यायचं. शॉपमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष मशीनवर, तोंड बंद. कारण तिथली रीतच तशी. फिटर नुसता हात पुढे करतो आणि हेल्पर नेमका पाना हातात ठेवतो. बोलावं लागत नाही, याचा दोघांनाही अभिमान.

मग मी हेल्पर दगडूलाही ते तीन शब्द शिकवले आणि बजावलं, "मागितल्याशिवाय पाना द्यायचा नाही."

"बाई, त्यो हात पसरून उभा ऱ्हायला की मला बघवत न्हाई."

"मग खाली बघा."

काम रखडलं. काशिनाथ चिडला. मॅनेजर आले. "बाई, प्रॉडक्शन थांबवून भाषा शिकवताय?"

"परीक्षेपर्यंत सोसा, साहेब," मी म्हटलं आणि हटले नाही.

परीक्षा शॉपमध्येच झाली. एक पाना इंजिनिअरच्या हातात, एक लांब खिडकीत. खिडकीतला मागायचा होता. काशिनाथ घाबरला आणि सवयीने त्याने हात पुढे केला. इंजिनिअरही हेल्परपासून वर आलेला. त्यानेही सवयीने हातातला पाना देऊन टाकला. मॅनेजर हसले.

काशिनाथने पान्याकडे पाहिलं आणि तो परत केला. "एस्ता नो," तो म्हणाला. मग खिडकीकडे मान वळवून, "आकेल्या."

इंजिनिअर निमूटपणे खिडकीपर्यंत चालत गेला.

काशिनाथ स्पेनला जाऊन आला, फोरमन झाला. पुढच्या हंगामात आईवडील गावीच राहिले. दगडू मात्र माझ्यावर बरेच दिवस रुसून होता. "आता त्यो तोंडानं मागतो," म्हणायचा.

तेव्हापासून शिकवताना मी एक करते. विद्यार्थ्याची सोय आधी काढून घेते.